छत्री आणि शिट्टी

फुजैरा, ९ नोव्हेंबर

बानूआपा,

अस्सलाम अलैकुम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. अजराच्या फोनवरून बोलायला गेलो, तर माझा आवाज ऐकताच फोन तिच्या हातात परत दिलास. ठीक आहे. पण गावाला निघालेल्या माणसाची पिशवी ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पैलवाडीचा अनिल परवा सुटीवर निघतोय. त्याच्या पिशवीत तुझ्यासाठी खजूर आहेत आणि खजुरांच्या खाली हे पत्र. खजूर परत पाठवलेस तरी चालेल, पत्र वाच.

तू सरपंचपदाचा अर्ज भरलास हे मला घरातून कळलं नाही. इथल्या रोल्ला बाजारातल्या मीटिंगमध्ये कळलं. बायको असून अजराने सांगितलं नाही, बहिणीने सांगितलं नाही, झुबेरने चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं, "गनीभाई, आपकी आपा तो छत्री लेके खडी है." सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं तोंड कसं झालं असेल ते तूच समज.

मीटिंग म्हणजे तीच, आपल्या गल्फ जमातीची. कापडाच्या दुकानाच्या वरची खोली, तुला मी फोटो पाठवला होता. खारशेत गावातली, खाडीच्या अलीकडची-पलीकडची, नमाजी आणि देवळातली, सगळी मिळून तीसेक माणसं जमतात. कुणाच्या घरचं छप्पर, कुणाचं ऑपरेशन, मशिदीचा नळ, मारुतीच्या देवळाचा चौथरा, सगळं तिथे ठरतं. आणि निवडणूक आली की गावात शिक्का कुठे बसायचा तेही तिथेच ठरतं. आता शिक्का राहिला नाही, बटण आलं, पण ठरवायची पद्धत तीच. इथे ठरायचं, रात्री घरोघरी फोन जायचे, आणि सकाळी गावातल्या बायका त्याप्रमाणे मत देऊन यायच्या. तू दरवेळी म्हणायचीस, "दोन हजार किलोमीटरवरून आमचं बोट धरता की रे तुम्ही!" तेव्हा मी हसायचो.

यंदा ठरलं ते असं. कपबशी, म्हणजे रणजितशेठची बायको सुलक्षणा, निवडून आली की खाडीत शेठचे वाळू ओढायचे सक्शन पंप उतरलेच. शेठ स्वतः कधी उभा राहत नाही, बायकोला उभी करतो. तिला पाडायचं तर समोर एकच उमेदवार हवा. शिट्टी घेऊन शर्वाणी उभी आहे, अनिलची पुतणी, पैलवाडीची स्वतंत्र ग्रामपंचायत मागणारी. छत्री घेऊन तू, खाडी बचाववाली. तुम्ही दोघी भांडलात तर कपबशीवाली आरामात चहा पिणार. पैलवाडीची मतं एकगठ्ठा शिट्टीची. म्हणून जमातीने ठरवलं की अलीकडचा मोहल्लाही शिट्टीलाच देणार. झुबेर म्हणाला, "भावनेचा सवाल नाही, सिंपल कॅल्क्युलेशन आहे. यल्ला, हात वर करा."

माझाही हात वर गेला, आपा. तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा मीच सांगतो.

अर्ज मागे घ्यायची मुदत अजून आहे. मागे घे. हरल्यावर लोक बोलतील त्यापेक्षा आधी मागे घेतलास तर मान राहील.

तुझा,
गनी


फुजैरा, २३ नोव्हेंबर

बानूआपा,

मुदत गेली, अर्ज तसाच. अजराने सांगितलं की पत्र तू खाटेवर बसून वाचलंस, घडी घातलीस आणि खजूर शेजारच्या पोरांना वाटलेस. माझ्या वाट्याला निदान वाचणं तरी आलं.

तुझा हट्ट मला नवा नाही. अब्बांनी शाळेतून काढलं तेव्हा तू तीन दिवस जेवली नव्हतीस आणि शेवटी अब्बाच ताट घेऊन तुझ्यासमोर बसले होते. पण तेव्हा समोर अब्बा होते, आता रणजितशेठ आहे. तो ताट घेऊन येणार नाही.

शेवटचं फोनवर तू जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. "अम्माच्या मातीला आला नाहीस. आता खाडी तिला बाहेर काढायला आलीय, तरी तू रोल्लात बसून बटण सांगणार." आणि फोन बंद. त्याच रात्रीपासून मी ब्लॉक.

अम्मा गेली तेव्हा मी बार्जवर होतो. तू हे मानत नाहीस, पण आमचं काम असंच आहे. बंदराबाहेर जहाजं नांगर टाकून उभी असतात, आम्ही त्यांना समुद्रातच तेल भरून देतो. त्या दिवशी नळी जोडलेली होती, वारा सुटला होता, किनाऱ्यावर न्यायला बोट येत नव्हती. कॅप्टनने खांद्यावर हात ठेवला, दुसरं तो काय करणार? मी डेकवर उभा राहून गायबाना नमाज पढलो, मय्यत समोर नसताना पढतात ती. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, समुद्राला कसली माती देतोस.

कब्रस्तानाची कड ढासळतेय ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तर सांगतोय. जरा डोकं थंड ठेवून ऐक.

शर्वाणीची माणसं हातपाटीला परवानगी मागतात, यावरून तू तिच्याशी भांडलीस. स्वतंत्र ग्रामपंचायत पाहिजे तर उत्पन्न दाखवावं लागतं, आणि पैलवाडीला वाळूशिवाय दाखवायला आहे काय? तू तिला भर ग्रामसभेत म्हणालीस, "खाडी विकून स्वातंत्र्य घेणार का?" ती म्हणाली, "तुमच्या दारात नळ आहे म्हणून तुम्हाला खाडी दिसते. आम्हाला हंडा दिसतो." सांगायचं तर दोघींचंही खरं आहे. जन्माचा दाखला काढायलासुद्धा त्या लोकांना होडीत बसून यावं लागतं आणि वर आपला ग्रामसेवक जेवायला गेलेला असतो.

पण हातपाटी आणि पंप एका मापाने मोजू नकोस. हातपाटीवाला बुडी मारतो, पाटी भरतो आणि श्वास घ्यायला वर येतो. माणसाला श्वास लागतो, म्हणून खाडीलाही दम घ्यायला मिळतो. पंपाला श्वास लागत नाही. तो रात्रंदिवस ओढतो, तळ खाली जातो आणि मग काठ आपोआप घसरतो, काठावर कब्र आहे की केळ आहे हे तो बघत नाही. अब्बा स्वतः हातपाटी मारायचे. त्यांच्या वेळी कब्रस्तानाचा एक दगड तरी हलला का?

तुझा मुद्दा बरोबर असेल, तरी तू हरणार आहेस. आणि तू नुसती हरणार नाहीस, शर्वाणीलाही पाडणार आहेस. मग पंप येईल. तुझ्याच मतांनी येईल. एवढं समजून घे.

रागावलीस तरी चालेल, पण समजून घे.

गनी


फुजैरा, ८ डिसेंबर

आपा,

हे पत्र मी आत्ता पाठवणार नाही. मतदान झालं की पाठवीन. का ते शेवटी कळेल.

अनिल सुटीवरून परत आला. दरवर्षी येणाऱ्याच्या हाती तू सोडे पाठवतेस, अगदी मागच्या वर्षी आपलं भांडण चालू असतानाही पाठवले होतेस. यंदा पिशवीत सोडे होते, पण अजराने बाजारातून घेतलेले, प्लास्टिकच्या पाकिटात. मी फोन करून विचारलं, आपाने माझ्यावर एवढा राग धरला की सोडेसुद्धा नाहीत? ती म्हणाली, "रागाचं नाही. खाडीत कोळंबीच नाही. आपाने दोन महिने वाट बघितली, सुकवायला मूठभरसुद्धा मिळाली नाही."

म्हणजे शेठचे पंप रात्रीचे चोरून उतरतातच. मला हे माहीत नव्हतं, आपा. तीस माणसांच्या त्या खोलीत हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही हात वर केले.

मग अजराने व्हिडिओ पाठवला. उधाणाच्या दिवशीचा. कब्रस्तानात पाणी शिरलंय, तू लुगडं खोचून उभी आहेस, गोणीत माती भरून कडेला लावतेयस. एकटी. अम्माच्या कब्रेपुढे आधी तीन रांगा होत्या, आता एकच दिसतेय. व्हिडिओत तुझा आवाज आहे. तू अम्माला सांगतेयस, "घाबरू नको गं, मी हाय."

जेवणाच्या सुटीत बघितला. माझ्या शेजारी दोन फिलिपिनो पोरं भात खात होती. मी उठून रेलिंगजवळ गेलो.

रविवारी झुबेरच्या घरी गेलो, अल बर्शाला. त्याला विचारलं, शर्वाणी निवडून आली तर वाळू नक्की हातपाटीनेच काढणार ना? पंप नाही? तो म्हणाला, "हबीबी, सुरुवातीला हातपाटी. पंचायत वेगळी झाली की मग रेव्हेन्यू बघून ठरवू. पंप नाही येणार, इन्शाल्ला." आता आपण सगळेच इन्शाल्ला म्हणतो. पण प्लंबरला उद्या येशील का विचारलं आणि तो इन्शाल्ला म्हणाला, तर आपण बादल्या भरून ठेवतो. झुबेरचं इन्शाल्ला तसलं होतं.

त्याची पोरगी अफनान तिथे होमवर्क करत होती. दहा वर्षांची आहे, गाव तिने दोनदा बघितलंय. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, "बाबा, व्हाय डोन्ट दे जस्ट व्होट फॉर हू दे लाइक?" झुबेर खो खो हसला. "बेटा, इट्स कॉम्प्लिकेटेड." मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर, डोंगरातून गाडी फुजैऱ्याकडे उतरताना, मला काही केल्या त्यातलं कॉम्प्लिकेटेड काय ते आठवेना.

माझी बहीण उभी आहे. माझ्या आईच्या कब्रेसाठी उभी आहे. आणि मी माझ्या बायकोला सांगितलंय की तिला मत देऊ नको.

घरी येऊन अजराला फोन केला. म्हणालो, "छत्रीला दे." ती मग म्हणाली, "आणि बाकीच्यांना काय सांगू?" मी म्हणालो, मोहल्ल्यातल्या ज्या बायका तुझ्या शब्दावर चालतात त्यांना हळूच सांग. स्वयंपाकघरात सांग, ओट्यावर नको. कुणाच्या नवऱ्याचा फोन आला तर 'हो, शिट्टी' म्हणायचं आणि आत जाऊन छत्री दाबायची. आत कोण बघतंय? ती हसली. किती महिन्यांनी हसली. म्हणाली, "मी तुमच्या फोनची वाटच बघत होते."

पलीकडच्यांचं मी धरून चालत नाही. पण आपला मोहल्ला, तुझी खाडीकाठची कोळीवाड्याची माणसं आणि तुझ्यामागे फिरणारी कॉलेजची पोरं एकत्र आली, तर तू निवडून येतेस, आपा. मी बोटांवर मोजलंय. झुबेरला येतं तेवढं कॅल्क्युलेशन मलाही येतं.

तुला मात्र सांगायचं नाही, असं मी अजराला बजावलंय. तू म्हणजे तू. तुला कळलं तर भर चौकात म्हणशील, "बघा, माझा भाऊ सुधारला." ते तासाभरात रोल्लाला पोचेल आणि झुबेर घरोघरी फोन फिरवून सगळं उलटवेल. म्हणून हे पत्र माझ्या उशीखाली. निकाल लागला की तुझ्या हातात पडेल, तेव्हा तू सरपंच असशील. मग ब्लॉक काढशील का?

गनी


फुजैरा, २२ डिसेंबर

आपा,

हे कुठून लिहायला सुरुवात करू?

निकालाच्या दिवशी मी ड्युटी बदलून घेतली होती. बार्जवर रेंज येते-जाते, म्हणून किनाऱ्यावर राहिलो. अजराचा फोन आला तेव्हा तिच्या मागे ढोल वाजत होते. मला वाटलं आपले. मी "मुबारक" म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "कपबशी."

मी म्हणालो, असं कसं होईल? मोहल्ल्याने छत्रीला दिलं नाही का? ती म्हणाली, दिलं, सगळ्याजणींनी दिलं, एकीनेही दगा दिला नाही. मग कोळीवाडा? मग तुझी पोरं?

मग तिने सांगितलं. रडत रडत, तुकड्या-तुकड्याने.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी तू एकटी होडीत बसून पैलवाडीला गेलीस. शर्वाणीच्या ओट्यावर बसलीस, तिच्या हातचं पाणी प्यालीस. हातपाटीचं मान्य केलंस, पंप कधीही येऊ देणार नाही म्हणून तिच्याकडून मारुतीच्या देवळासमोर शपथ घेतलीस, आणि होडीतून परत येऊन कोळीवाड्यात दारोदार फिरलीस. "मला नको, शिट्टीला द्या." पोरांनी वाद घातला तेव्हा त्यांना म्हणालीस, "हातपाटीवाला श्वास घ्यायला वर येतो. पंपाला श्वास लागत नाही. माझा भाऊ आयुष्यभर समुद्रावर राहिलाय, त्याला यातलं कळतं."

माझं वाक्य, आपा. माझ्या पत्रातलं.

अजराला संध्याकाळी कळलं. तिला वाटलं, तू रागाने, खचून असं करतेयस. तिने तुला थांबवायला हवं होतं, पण मी तिला बजावलं होतं ना, आपाला कळू द्यायचं नाही. मला फोन लावला, तर मी बार्जवर, रेंज नाही. तिने विचार केला की आपाने कितीही सांगितलं तरी तिची माणसं तिलाच देतील. आणि तू मोहल्ल्यात कुणाला काही सांगितलंच नाहीस, कारण तुला वाटलं मोहल्ला तर आधीपासून शिट्टीचाच आहे. भावाने सांगितलेलंय.

तुझी माणसं शर्वाणीकडे गेली. माझी तुझ्याकडे आली. दोघींची मतं जवळपास तेवढीच राहिली, नुसती इकडची तिकडे. मधून कपबशी निघून गेली. तुमच्या दोघींच्या बेरजेच्या कितीतरी खाली होती ती.

तू माझं ऐकलं नसतंस तर तू जिंकली असतीस. मी तुझं ऐकलं नसतं तर शर्वाणी जिंकली असती. अख्ख्या जन्मात आपण दोघांनी एकमेकांचं ऐकलं ते एकदाच. आणि तेही एकमेकांना न सांगता.

झुबेरचा फोन आला होता. तो मला नाही नाही ते बोलला. जमातीशी गद्दारी केली म्हणाला, खलास, आता खोलीवर येऊ नको म्हणाला. मी ऐकून घेतलं. त्यालाही शर्वाणीच्या घरच्यांना तोंड दाखवायचंय.

उशीखालचं पत्रही यासोबत पाठवतोय. वाचून फाडून टाक. किंवा नको वाचू.

तुझा भाऊ


फुजैरा, १७ जानेवारी

आपा,

काल अनोळखी नंबर समजून उचलला तर तुझा आवाज. नंबर तोच होता, मीच रागाच्या भरात माझ्या फोनमधून तुझं नाव काढून टाकलं होतं. हे काल तुला सांगितलं नाही, आज सांगतो.

काल आपण फारसं बोललोच नाही. तू "जेवलास?" विचारलंस, मी "हो" म्हणालो. तुझ्या मागे कसली तरी घरघर ऐकू येत होती. मी विचारलं, गिरणी का? तू म्हणालीस, "पंप." दिवसाढवळ्या. आता चोरून उतरवायची गरज राहिली नाही.

मी तुझी माफी मागणार होतो. त्याआधी तूच म्हणालीस, "गनी, आपण दोघंही अब्बांवर गेलो. समोरच्याला ताट न्यायचं, पण हाक मारायची नाही." आणि हसलीस. तू हसलीस म्हणून मला रडू आलं, नाहीतर मी आवरलं असतं.

मग कामाचं बोललीस. कड आता अम्माच्या पायथ्याशी आली आहे. पुढचं मोठं उधाण येईल तेव्हा ती राहणार नाही. मौलानांनी परवानगी दिली, खाडी नेत असेल तर मय्यत हलवता येते. वरच्या बाजूला, जांभळीच्या पलीकडे जागा शर्वाणीच्या गावातल्या चुलत्याने दिली, पैलवाडीची माणसं खणायला येणार आहेत. एवढं सांगून तू थांबलीस. मला ये म्हणाली नाहीस. एकदा बोलून बघितलं होतंस, दुसऱ्यांदा बोलायचा तुझा स्वभाव नाही.

आज सकाळी कॅप्टनसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, आईचं दफन आहे, सुटी पाहिजे. त्याने रजिस्टरमध्ये बघितलं. माणूस बरा आहे, हळूच म्हणाला, "गनी, युअर मदर... चार साल पहले नहीं गुजर गयी?" मी म्हणालो, "हां सर. तब मैं नहीं जा सका था."

त्याने सही केली.

अनिल तिकीट काढून देतोय. हे पत्र मात्र माझ्या आधी, आजच गावाला निघालेल्या यहयाच्या हाती येतंय, कारण फोनवर मला हे सांगता येणार नाही. आपा, मी पोचेपर्यंत अम्माला हलवू नका. गोण्या लावा, फळ्या ठोका, दोन दिवस काहीही करून पाणी थोपवा. तू तिच्याजवळ थांब आणि त्या दिवशी सांगत होतीस तसं तिला सांग, घाबरू नको.

आणि सांग की गनी निघालाय. या वेळी पहिली माती तो देणार आहे.

गनी